रस्त्याला पाठ केलेला टाऊन हॉल

बदनापूर स्टेशनावरून निघालेला टांगा खापरवाडीच्या वेशीत थांबला. पांढराशुभ्र पोशाख घातलेला एक तरुण खाली उतरला आणि त्याचं या गावातलं पहिलं पाऊल पडलं ते थेट चुन्याच्या हौदात.

गुडघ्यापर्यंत!

नशीब, चुना आधीच विझून थंड झालेला होता. ताजा असता तर ही प्रेमकथा इथंच संपली असती, आणि नायकाला एक पाय कमी.

"ए! ए आंधळ्या!" भट्टीवरून आवाज कडाडला. "मुरवलेला चुना नासवला माह्या! डोळे काय टांग्यातच राह्यले का?"

"रस्त्यात हौद खोदता, आणि वर मलाच बोलता?" तोही उसळला.

"रस्त्यात हौद न्हाई. हौदाजवळून रस्ता गेलाय. हा माह्या आज्याचा हौद हाय. रस्ता मागून आला."

बोलणारी भट्टीवरून दणादणा उतरली. केसांवर, गालांवर, पापण्यांवरसुद्धा चुन्याची पांढरी फक्की बसलेली. त्या पांढऱ्या चेहऱ्यात काळेभोर, धगधगते दोन डोळे... तरुणाला क्षणभर वाटलं, या गावात कोळसा सापडलाय म्हणतात, तो हाच असणार.

तिने त्याला वर काढायला फावड्याचा दांडा पुढे केला. हात नाही, दांडा. मग घागरभर पाणी त्याच्या पायावर असं ओतलं, जणू पायाशीच तिचं जुनं वैर होतं.

"नाव काय तुमचं?"

"भुजंगराव. ओव्हरसियर आहे मी. इथं सरकारी टाऊन हॉल बांधायला आलोय."

"इथं म्हंजे कुठं?"

भुजंगने नकाशा उलगडला. हॉलचं तोंड रस्त्याकडे, बाजूला बाग... आणि बाग बरोबर तिच्या भट्टीवर. त्याने घसा साफ केला. "ही भट्टी... हलवावी लागेल."

 तिने रिकामी घागर उचलली आणि हौदात असा दाणकन सपाटा मारला, की ओव्हरसियरसाहेबांचा पोशाख गळ्यापर्यंत पांढरा झाला. तसा तो आधीही पांढराच होता म्हणा. आता जरा ओला पांढरा.

"राव-बिव इसरा," ती म्हणाली. "हितून पुढं नुसतं भुजंग!"

तिचं नाव झुंबर. चुनेवाल्या पुंजारामची एकुलती एक लेक.

*

आता खापरवाडीसारख्या गावात टाऊन हॉल कशाला, असं तुम्ही विचाराल. निजामाच्या जुबिलीच्या आसपासची ही गोष्ट. गावची विहीर खोदताना काळा, चकचकीत दगडी कोळसा लागला. मराठवाड्याच्या खडकात कोळसा! बातमी औरंगाबादला गेली, तिथून हैदराबादला. वाटेत ती फुगत गेली. खापरवाडीच्या कोंबड्या काळी अंडी घालतात, असं जालन्याच्या बाजारात लोक शपथेवर सांगू लागले. एक कंपनी आली, खाण सुरू झाली, माणसं उतरवणारे पाळणे वरखाली होऊ लागले. सरकारने ठरवलं, कोळशाचं शहर म्हटलं की त्याला टाऊन हॉल हवाच. वर घड्याळाचा मनोरा, खाली कमानींची ओसरी, आत सभेची जागा, मागे धान्याचा बाजार.

भुजंगला मुद्दाम पाठवलं, कारण तो तेलंगणातल्या अशाच एका कोळशाच्या गावात वाढला होता. बाप इकडचाच, पण पोटासाठी खाणीत गेलेला. आई लहानपणीच वारली. पोराचं सगळं बालपण खाणकामगारांच्या, नुसत्या पुरुषांनी भरलेल्या बराकीत आणि पुढचं हॉस्टेलात गेलं. त्याला कमान कशी उभी राहते ते कळायचं, दगडाची शीर कुठून फुटेल ते कळायचं. घर कसं चालतं, बाया काय बोलतात, काय बोलत नाहीत, यातलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. हे एवढं ध्यानात ठेवा.

मग सुरू झालं भांडण. रोज सकाळी झुंबर भट्टीवर चढायची आणि हाक मारायची. हाक कसली, तोफ!

"भुजंगऽऽ! चुना परत कामून पाठीवला?"

"खडे आहेत त्यात!"

"खडे तुह्या डोक्यात हायेत, भुजंग!"

"डोकं माझं आहे, पण कमान सरकारची आहे! पुन्हा चाळ!"

"तूच ये चाळायला!"

आणि तो खरोखर जायचा. रागारागाने बाह्या सरसावून चाळणी धरायचा, खडे शोधून काढायचा आणि तिच्या पुढ्यात ठेवायचा. ते खडे उचलून ती त्याच्याच टोपीत टाकायची. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा.

"पोरी, जरा हळू बोल, सरकारी माणूस हाय," पुंजाराम म्हणायचा.

"सरकारी हाय म्हणूनच जोरात बोलून राह्यले, आबा. सरकारला हळू ऐकू येत न्हाई."

पाया भरला, जोतं उठलं. एक दिवस झुंबरच्या लक्षात आलं, काहीतरी चुकतंय. ओसरीच्या कमानी रस्त्याच्या बाजूला नव्हत्याच. रस्त्याकडे नुसती आंधळी भिंत. आणि कमानी, सगळ्याच्या सगळ्या, तिच्या भट्टीकडे तोंड करून उठत होत्या.

ती तरातरा गेली. "भुजंग! नकाशा उलटा धरला का काय?"

त्याने ओळंबा सोडून भिंत तपासत असल्याचं सोंग केलं. "बाग आता पलीकडे जाईल. भट्टी राहील जागेवर. वारा इकडून भट्टीकडे वाहतो, धूर हॉलवर येणार नाही."

"तुह्या वरच्या साहेबाला काय सांगितलं?"

"हवा चांगली लागते म्हणून सांगितलं."

"आन् खरं काय हाय?"

तो ओळंब्याची दोरी नीट करू लागला. कान मात्र लाल झाले...

"आता सगळा गाव माह्या अंगणात बघणार!" ती भडकली. "मी चुना चाळू का पदर सावरू?"

"गाव कुठे?" तो ओळंब्याकडे बघत पुटपुटला. "मीच तर बघणार."

तिने त्याच्या पायाशी पाटी आदळली आणि निघून गेली. पण त्या दिवशी चुन्यात एकसुद्धा खडा निघाला नाही. भुजंगने तीनतीनदा बघितलं, जरा नाराजच झाला.

*

माघातली दुपार होती. कमानींसाठी कळीच्या चुन्याचा मोठा ढीग उघड्यावर पडलेला. आणि ध्यानीमनी नसताना आभाळ भरून आलं. अवकाळी!

कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, फुटतो, जवळचा लाकूडफाटा पेटवतो. आणि ढिगाला लागूनच कमानींचा लाकडी आधार उभा होता. तो पेटला असता, तर कमानी खाली आल्या असत्या.

"ताडपत्री!" दोघं एकदमच ओरडली.

"तिकडून धर! तिकडून, भुजंग! तुला उजवं-डावं कळतं का न्हाई?"

"आधी तू बाजूला हो! भाजशील!"

"मला नको शिकवू, जन्म गेला माह्या चुन्यात!"

टपोरे थेंब पडू लागले. ढिगाची कड सूं... सूं... करत फुसफुसली, गरम वाफेचा लोट उठला. त्या वाफेत कुणी कुणाला दिसेना, फक्त शिव्या ऐकू येत होत्या. ताडपत्री कशीबशी अंथरली, कडेला दगड ठेवले. आणि तेवढ्यात चुन्याचं एक ढेकूळ फुटून झुंबरच्या मनगटावर उडालं.

"आई गं!"

त्याने तिचा हात धरला. या वेळी मधे दांडाबिंडा नव्हता. कमानीखाली नेलं, रांजणातलं पाणी तांब्यावर तांब्या ओतत राहिला. 

"सांगितलं होतं ना, भाजशील म्हणून! ऐकायला काय होतं? हात गेला असता म्हणजे?"

"गेला असता तर तुहं काय..." ती अडखळली. मनगटाच्या जखमेवर फुंकर घालता घालता ओव्हरसियरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं तिला दिसलं. रागाचं पाणी असतं, हे तिला माहीत होतं. हे तसलं नव्हतं.

बाहेर पाऊस कोसळत होता. डोक्यावर कोरा, चुन्याचा वास येणारा दगड.

"माझ्या गावी असाच हॉल आहे," तो म्हणाला. "हुबेहूब. कोळसा संपला, कंपनी उठली, माणसं गेली. हॉलला कुलूप लागलं. आता त्यात पारवे राहतात... मला भलता राग येतो बघ. इमारत बांधतात कुणासाठी, आणि राहतं कोण!"

"मंग इथला कोळसा सरल्यावर?" तिने हळूच विचारलं. एवढ्या हळू ती जन्मात कधी बोलली नव्हती.

त्याने तांब्या पुन्हा रांजणात बुडवला.

पाऊस थांबला. झुंबरने मनगटाला पदर गुंडाळला, उठली, चार पावलं गेली. वळून काहीतरी सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

त्या दिवसापासून हाक बंद झाली.

*

सकाळी भुजंग जोत्यावर उभा राहून वाट बघायचा. भट्टीवर झुंबर दिसायची, पण आवाज नाही. चुना यायचा, तो बरोबर असायचा. काही सांगायचं असलं तर ती बापाकडे तोंड करून बोलायची, आणि भुजंग हातभर अंतरावर उभा!

"आबा, त्यांना म्हणावं, चुना मळायची घाणी दुपारून सुरू होईल."

"अगं, मी इथंच आहे!"

"आबा, त्यांना म्हणावं, आम्हाला दिसतंय."

भुजंगचा भडका उडायला लागला. ज्या तोंडातून दिवसाला शंभरदा त्याचं नाव निघायचं, त्या तोंडाला आता नाव जड झालं? असा कोणता गुन्हा केला? शिव्या दे म्हणावं, खडे फेक, पण हे "ते" आणि "त्यांना" काय लावलंय? परका समजते? त्याला जेवण जाईना. गवंड्यांवर ओरडू लागला. एक चांगली भिंत रागाच्या भरात पाडली आणि पुन्हा बांधली.

हॉलच्या पुढ्यात रविवारचा बाजार भरला होता. झुंबर चुन्याच्या पुड्या घेऊन बसलेली. भुजंग गर्दीतून सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मुठी आवळलेल्या, डोळे लाल.

"झुंबर! पुष्कळ झालं. आज सगळ्या गावासमोर सांगून राह्यलो, नाव घे माझं!"



कांदेवाल्याचा तराजू हवेतच राहिला. बायांनी तोंडाला पदर लावले. झुंबर गोरीमोरी झाली.

"ऐकलं नाही? नाव घे! मोठ्याने घे!"

शेजारी बसलेल्या एका म्हातारीला तर भरून आलं. तिने विकायला आणलेल्या तांदळांतली मूठ उचलली आणि दोघांच्या डोक्यावर अक्षता म्हणून टाकली.

"मेल्याऽ..." झुंबर एवढंच म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा भट्टीसारखा पेटला होता. पुड्या तिथंच टाकून ती पळत सुटली. आणि पलीकडून पुंजाराम काठी घेऊन येताना दिसला.

भुजंग पळाला नाही. त्याला कळलंच नाही पळायचं कशासाठी. शेवटी नंदाबाईने त्याला दंडाला धरून खेचत आपल्या खानावळीत नेलं. दोन वेळचं तो तिच्याकडेच जेवायचा.

"अरे येड्या! काय बोललास ते कळतं का तुला?"

"काय बोललो? माझ्याच नावाने हाक मार म्हणालो!"

नंदाबाईने कपाळावर हात मारला. "पोरगी माणसाचं नाव कवापासून घेत न्हाई? त्याला नवरा मानल्यापासून! आन् बाईला 'नाव घे, नाव घे' कवा म्हणत्यात? लग्नात! तू भर बाजारात लग्न मांडून आलास, बाबा!"

भुजंग खालीच बसला. "म्हणजे ती... मला..."

"त्या पावसापासून. सगळ्या गावाला ठाव हाय. एक तू सोडून."

"मग तिनं सांगायचं ना तसं!" तो ओरडला. आता राग स्वतःवर होता, पण निघत होता दुसरीकडे.

"आन् तू सांगितलंस? तुह्या हॉलानं रस्त्याला पाठ कामून केली, ते?"

*

त्याच आठवड्यात खाणीचं पितळ उघडं पडलं. कोळशाच्या थराखालून आधी एक मोडकं फावडं निघालं, मग जुनं पायताण, मग चहाची किटली. किटलीत चहापत्तीसुद्धा होती! तेव्हा कुठे म्हाताऱ्यांना आठवलं: आगगाडीचा रूळ टाकला गेला, तेव्हाच्या कुण्या ठेकेदाराने कोळशाचा मोठा साठा नाल्यात टाकला होता. पूर आला, गाळ बसला, नाला बुजला, गाव विसरलं. खापरवाडीच्या पोटात कोळसा कधी नव्हताच. जेवढा पुरलेला, तेवढा संपला.

कंपनीने पाळणे उतरवले. साहेबाचा हुकूम आला: टाऊन हॉलचं काम आहे तिथं थांबवा, ओव्हरसियरने रविवारच्या गाडीने निघावं. भिंती, कमानी तयार होत्या. छप्पर नव्हतं.

पुंजाराम काठी आणि गावची चार माणसं घेऊन भुजंगच्या दारात आला. मागे झुंबर.

"भुजंगराव, भर बाजारात बोललात. आता निभवा. न्हाई तर ही काठी हाय."

"निभवतो!" भुजंग उठलाच. "उद्याच लग्न लावा!"

त्याला वाटलं, झुंबर लाजेल. झुंबर कडाडली.

"आबा, त्यांना म्हणावं, कुणी इचारलं मला? ज्याचा अर्थ ठाव न्हाई, तो सबूद बोलायचा, आन् काठी दिसली की निभवायचा? मी काय गळ्यात पडलेली दंडाची रक्कम हाय का? मला नको असलं! जितं बोलले, तितंच, सगळ्या गावासमोर तो सबूद माघारी घ्यावा म्हणावं."

"झुंबर, पण मला खरंच..."

"माघारी घ्यावा म्हणावं!"

"आणि घेतल्यावर?"

ती भिंतीकडे बघत होती. "मंग मोकळे हायेत. गाडी हाय रविवारी... जायाचं तर जावं." शेवटचा शब्द बाहेर येता येता मोडला. ती वळली आणि निघून गेली.

*

रविवारी पुन्हा बाजार भरला. या वेळी कांदे घ्यायला कुणीच आलं नव्हतं. भुजंगची ट्रंक लादलेला छकडा रस्त्यावर उभा. भुजंग उघड्या हॉलच्या मधल्या कमानीत जाऊन थांबला. वर छपराच्या जागी नुसतं आभाळ.

"गेल्या बाजारी मी इथं झुंबरला नाव घे म्हणालो," तो मोठ्याने म्हणाला. "मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तो शब्द मी परत घेतो."

गाव खवळलं. "भित्रा!" "हाणा त्याला!" "परदेशी तो परदेशीच!" पुंजारामची काठी वर गेली. झुंबरने डोळ्यांत टिपूस येऊ दिलं नाही. मागितलं तेच मिळालं होतं. तिने पाटी काखेत मारली आणि पाठ फिरवली.

"थांब!" भुजंग गरजला. इतका, की काठीसुद्धा हवेत थांबली. "तू म्हणालीस, परत घे. घेतला. आता मी मोकळा आहे ना? मोकळ्या माणसाला बोलायची मुभा आहे ना?"

ती थांबली. वळली नाही.

"माझ्या गावचा हॉल ओस पडला, कारण कोळसा संपल्यावर सगळे उठून गेले. मी पण गेलो. आयुष्यभर त्या लोकांवर चिडलो, आणि मी त्यांच्यातलाच! इथून नाही जाणार. नोकरी गेली तरी चालेल, मुकादमाचं काम करीन, दगड फोडीन. कोळसा नसू दे, माणसं आहेत ना, बाजार आहे ना. हा हॉल मी पुरा करणार. आणि याचं तोंड कुठे आहे, कुणासाठी आहे, ते आता लपवत नाही."  त्याने टोपी काढून हातात घेतली. "आता अर्थ कळून विचारतो. हुकूम नाही... झुंबर, नाव घेशील?"

 मग नंदाबाई ओरडली, "घे गं पोरी!" आणि सगळा बाजार सुरू झाला, "घे! घे! नाव घे!"

झुंबर गर्रकन वळली. गाल लाल, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांत ठिणग्या.

"न्हाई घेणार!"

 भुजंगचा चेहरा पांढरा पडला.

"इथं घेऊ? कांद्या-लसणाच्या ढिगात? हळद न्हाई, मांडव न्हाई, वर बघावं तर आभाळ! काही रीत हाय का न्हाई?" ती बापाकडे वळली. आता मात्र ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी लपेना. "आबा, त्यांना म्हणावं, आधी छप्पर घाला. नाव छपराखाली घेईन."

पुंजारामने काठी खाली टाकली. भुजंगला हसावं का रडावं कळेना, म्हणून त्याने सवयीने भांडण काढलं. "छपराला पुष्कळ चुना लागेल! खडे नसलेला!"

"आबा, त्यांना म्हणावं, चाळायला या!"

दूर बदनापूरच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. छकडेवाला कासावीस झाला. "भुजंगराव, ट्रंकेचं काय करू? गाडी चुकंल ना!"

भुजंगने तोंड उघडायच्या आत झुंबरने उत्तर दिलं.

"चुकू दे. तिला काय, रोजच जायाचंय."